घरचं आजारपण सांभाळणाऱ्या मुलाला आधार कसा द्यायचा

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वडील, दिवसभर मजुरीला जाणारी आई आणि सातवीत शिकणारी मुलगी. अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. कुठे वडिलांच्या जागी आजी असते, कुठे कॅन्सर झालेली आई, कुठे सेरेब्रल पाल्सी असलेला धाकटा भाऊ. बीडकडे आईवडील ऊसतोडीला गेले की दिवाळीनंतरचे चार-पाच महिने आजी-आजोबांची उस्तवार मागे राहिलेल्या नातवंडांकडे येते. हे मार्गदर्शन अशा मुलांच्या आसपास असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे: वर्गशिक्षक, आशाताई, मामा-मावशी, शेजारी.

घरात मुलाने हातभार लावणं यात गैर काही नाही. पाणी देणं, पेपर वाचून दाखवणं, आजीजवळ बसणं यातून माया वाढते. प्रश्न तिथे सुरू होतो जिथे मूल नसेल तर काम अडतं, म्हणजे मुलगी शाळेत गेली की वडील दुपारपर्यंत ओल्यात पडून राहतात. तेव्हा मुलीच्या मदतीसाठी म्हणून जे काही कराल, त्याचा मोठा भाग वडिलांच्या व्यवस्थेवर खर्च करा. तिला वह्या-दप्तर देऊन तिच्या अंगावरचं एकही काम कमी होत नाही.

आधी कळलं पाहिजे

ही मुलं आपणहून सांगत नाहीत. लाज असते, आणि त्याहून मोठी भीती असते की कुणाला कळलं तर आपल्याला घरातून नेतील. ‘घरी काही अडचण आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. त्याऐवजी विचारा, ‘आज उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केलंस?’ मूल सांगत जातं: पाच वाजता उठले, पप्पांना भांडं दिलं, चादर धुतली, भात लावला. दोन मिनिटांत चित्र उभं राहतं.

शाळेतल्या खुणाही ओळखीच्या असतात. रोज पहिला तास बुडतो. गैरहजेरी दर आठवड्याला त्याच वारी असते, कारण सरकारी दवाखान्यात त्या आजाराची ओपीडी त्याच वारी असते. दुपारच्या खिचडीनंतर डोळा लागतो. मधल्या सुट्टीत पळत घरी जाऊन येतात. सहलीचे पैसे भरायची तयारी दाखवली तरी सहलीला नाव देत नाहीत. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर आळशीपणाचा शेरा मारण्याआधी घरी एक चक्कर मारून या.

घरी गेल्यावर आधी आजारी माणसाशी बोला. वडील पडून असले तरी कर्ते आहेत. त्यांना डावलून मुलीचं भलं करायला निघालात तर दार बंद होईल. ‘तुमच्या पोरीची शाळा चालू राहावी म्हणून तुमच्या सोयीचं काय करता येईल?’ असं विचारलं की बहुतेक वडील स्वतःच सांगतात की कोणत्या वेळी फार अडचण होते.

कामांची यादी

एक फुलस्केप कागद घ्या. सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत तासाला एक ओळ आणि रात्रीसाठी एक वेगळी ओळ. प्रत्येक ओळीत घरात काय काम होतं आणि ते कोण करतं, ते मुलाच्या आणि घरच्यांच्या तोंडून लिहून घ्या. शाळेचा दिवस आणि रविवार वेगवेगळे लिहा. रविवारी काम दुप्पट असतं, कारण आठवड्याचं धुणं आणि अंघोळ तेव्हाच होते. रात्रीची ओळ मोकळी राहिली तर पुन्हा विचारा. ‘रात्री कितीदा उठतेस?’ हे कुणी विचारत नाही आणि मूलही सांगत नाही.

मग प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: मुलाने केलं तरी चालेल, मोठ्यासोबत केलं तर चालेल, मुलाने करायचंच नाही. तिसऱ्या खुणेची कामं आधी हलवायची. एका दिवसात सगळं बदलायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात एक-दोन कामं पक्की हलली तरी पुष्कळ झालं.

मुलाने करायचीच नाहीत अशी कामं

पहिलं काम म्हणजे मोठ्या माणसाला उचलणं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं वजन पस्तीस-चाळीस किलो असतं आणि वडील साठ-पासष्ट किलोंचे. लकवा झालेला माणूस स्वतःचा भार घेऊ शकत नाही, त्यामुळे सगळं ओझं मुलाच्या कंबरेवर येतं, आणि दोघं एकत्र पडण्याचा धोका असतो. त्यात मुलं हमखास एक चूक करतात: लुळा हात धरून वर ओढतात. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. हात ओढला की खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कुणीही ओढू नये, मोठ्यांनीसुद्धा.

वर सरकवायला दोन मोठी माणसं आणि एक जुनी जाड सुती चादर पुरते. चादर आडवी दुमडून खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत येईल अशी अंगाखाली घाला. दोन्ही बाजूंच्या कडा अंगाला लागेपर्यंत गुंडाळत आणा, म्हणजे मुठीत पक्की पकड येते. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, गुडघे थोडे वाकवायचे, एक पाय उशाच्या दिशेला टाकायचा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत चादरीसकट माणसाला सरकवायचं. कातडी अंथरुणावर घासू द्यायची नाही, कारण घासल्यानेच पाठीला जखमा सुरू होतात. कॉट कंबरेएवढ्या उंचीची असेल तर हे सोपं जातं. जमिनीवरच्या अंथरुणावर मोठ्यांचीही कंबर मोडते, त्यामुळे शक्य असेल तर आधी कॉट मिळवा. कॉट बुटकी असेल तर पायांखाली विटा रचू नका, त्या निसटतात. सुताराकडून पाय वाढवून घ्या.

कूस बदलताना माणसाचा पलीकडचा गुडघा वाकवा, हात छातीवर ठेवा आणि खांदा व कंबर धरून अलगद आपल्याकडे वळवा. पूर्ण कुशीवर झोपवू नका. पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांवर तिरकं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. हे दर दोन तासांनी करायचं असतं. हवेची गादी असेल तर काहींना जास्त वेळ चालतो, पण किती ते नर्सने कातडी बघून सांगावं. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढुरकी होत नसेल तर जखम सुरू झाली आहे. तिथे चोळायचं नाही, तेल रगडायचं नाही, मधे भोक असलेली रिंगची उशीही घालायची नाही. चोळल्याने आतला भाग आणखी फाटतो आणि रिंगमुळे कडेचा रक्तपुरवठा तुटतो. यातलं मुलाने काय करावं? उशा आणून द्याव्यात, भिंतीवरच्या तक्त्यात वेळ लिहावी, लाल जागा दिसली तर मोठ्यांना सांगावं. एवढंच.

दुसरं काम शी-शूचं आणि अंघोळीचं. लहान भावाचं लंगोट बदलणं वेगळं. मुलाने आईला किंवा मुलीने वडिलांना अंघोळ घालणं दोघांसाठीही अवघड असतं, आणि वयात येणाऱ्या मुलाला ते फार जड जातं. ते बोलून दाखवणार नाहीत, म्हणून तुम्ही विचारत बसू नका. ते काम हलवा. सकाळी एक मोठा माणूस वीस मिनिटं आला तरी दिवस सुधारतो. अंग पुसायला कोमट पाणी, दोन भांडी आणि तीन फडकी लागतात: तोंडाला एक, अंगाला एक, खालच्या भागाला एक. जो थोडाफार बसू शकतो त्याला कमोडची खुर्ची मिळाली की बेडपॅनचा व्याप निम्म्यावर येतो.

तिसरं, औषधांचे निर्णय. इन्सुलिन किती घ्यायचं, बीपीची गोळी आज वगळायची का, दुखतंय म्हणून मॉर्फिन वाढवायचं का, हे मुलाकडे नको. नाकातल्या नळीतून भरवणंही नको. नळी सरकलेली असेल तर अन्न थेट फुप्फुसात जातं आणि ते मुलाच्या लक्षात येत नाही. गोळ्यांसाठी सात दिवसांचा खणांचा डबा आणा आणि मोठ्या माणसाने तो रविवारी भरावा. मुलाने फक्त त्या वेळेचा खण उघडून द्यावा. दवाखान्यातून दर महिन्याला वेगळ्या कंपनीची पाकिटं येतात, रंग बदलतो आणि तीच गोळी दोनदा दिली जाते. डबा भरताना जुनी पाकिटं बाजूला काढली की हा घोळ टळतो. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. आशाताईंना किंवा केमिस्टला फोन करा.

तोंडाने भरवणं मुलाला शिकवता येतं, पण शिकवून. माणूस पूर्ण जागा हवा, ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. लहान चमचा वापरावा आणि घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. लकव्यात पातळ पाणी आणि चहाच जास्त अडकतो. मऊ दाटसर खिमट त्यामानाने सुखाने उतरतं. ठसका लागला किंवा आवाज घोगरा, ओला झाला तर थांबायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. वारंवार ठसका लागत असेल तर हे काम मुलाकडून काढून घ्या आणि डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा.

रात्र

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, त्यापुढच्या वयात आठ ते दहा. रात्री तीनदा उठणाऱ्या मुलाला ती कधीच मिळत नाही, आणि त्याचं गणित तिथेच कच्चं राहतं. रात्रीची पाळी मोठ्यांनीच घ्यायची, यात तडजोड नको. आई दिवसभर राबून थकलेली असते हे खरं आहे, म्हणून उठण्याची गरजच कमी करा. दिवसभराचं पाणी संध्याकाळी सहापर्यंत पाजून घ्या. एकूण पाणी कमी करू नका, नाहीतर लघवीला जळजळ आणि बद्धकोष्ठ सुरू होतं. ज्याचा एक हात चालतो त्या माणसाच्या हाताशी लघवीचं भांडं खुंटीला अडकवून ठेवा. पुरुषांना रात्रीपुरतं कंडोम कॅथेटर (कंडोमसारखं बाहेरून चढवायचं, लघवी नळीने पिशवीत नेणारं साधन) लावता येतं, ते लावायला नर्सकडून आईने शिकून घ्यावं. मुलाची झोपायची जागा आजारी माणसाच्या खाटेपासून हलवा, भले ती स्वयंपाकघरात असो.

एक माणूस, एक वार, एक काम

आजारपण नवीन असताना दहा घरचे डबे येतात. पंधरा दिवसांनी एकही येत नाही. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणणाऱ्याला मूल कधी काही सांगत नाही. यादी हातात घेऊनच फिरा आणि प्रत्येकाकडे नेमकं मागा: ‘काकू, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक वाजता दहा मिनिटं येऊन कूस बदलाल?’ दहा मिनिटांना लोक हो म्हणतात. प्रत्येक वेळेला दुसरा पर्यायी माणूसही लिहून ठेवा, आणि अडचण आली तर निरोप मुलाला न देता त्या पर्यायी माणसाला द्यायचा, हे आधीच ठरवा. नाहीतर काकू आल्या नाहीत की मूल पुन्हा शाळा बुडवतं.

आठवड्यातून सलग तीन तास मुलाचे स्वतःचे असावेत, ठरलेल्या वारी, अभ्यासासाठी नव्हे तर खेळायला, भटकायला. त्या वेळात घरी बसणारा माणूस पक्का हवा. पहिल्या काही वेळा मूल अर्ध्या तासात परत येईल. येऊ द्या. वडील ठीक आहेत हे डोळ्यांनी दिसलं की हळूहळू लांब राहायला लागतं.

शाळेने काय करावं

वर्गासमोर सत्कार करू नका. ‘आपल्या शाळेची श्रावणबाळ’ म्हणून टाळ्या पडल्या की त्या मुलीला थकले म्हणायची सोय राहत नाही. फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा वर्तमानपत्राला देऊ नका. प्रकरण बालकल्याण समितीपुढे (अडचणीतल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) गेलं असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

एका शिक्षकाला या मुलाची जबाबदारी द्या. बाकीच्यांना एवढंच ठाऊक असू द्या की या मुलाला उशिराबद्दल बोलायचं नाही. हजेरी पहिल्या तासाऐवजी दुसऱ्या तासाला घेतली तरी चालेल. मधल्या सुट्टीत शाळेच्या फोनवरून घरी एक फोन करू द्या. दोन मिनिटांच्या त्या फोनने उरलेले तास मन वर्गात राहतं. गृहपाठ कमी द्या, पण सोपा करू नका: दहा गणितांऐवजी चार, आणि ती शाळेतच शेवटच्या तासाला. बुडालेल्या धड्यांच्या वह्या एका ठरलेल्या मित्राकडून मिळाव्यात. चाचणी ओपीडीच्या वारी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

दहावीच्या वर्षात हजेरीकडे जूनपासून लक्ष हवं. मंडळ पंच्याहत्तर टक्के हजेरी मागतं, आणि कमी पडल्याचं फेब्रुवारीत कळून उपयोग नसतो. शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येतं, पण त्यात वर्षभर शिकवणारं कुणी नसतं. शाळा चालू असताना हा मार्ग सुचवू नका. चौदा वर्षांखालचं मूल मधेच गळालं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. मुलींच्या बाबतीत एक धोका ध्यानात ठेवा. आई गेली किंवा खिळली की घरात ‘लग्न उरकून टाकू’ अशी भाषा सुरू होते. आठवीनंतर मुलगी आठवडाभर दिसली नाही तर त्याच आठवड्यात घरी जा.

कागद आणि पैसे

यासाठी धावपळ मोठ्यांनी करायची. मुलाला तहसीलच्या रांगेत उभं करू नका.

सुरुवात आजारी माणसापासून. अपंगत्व राहणार असेल तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. ते कार्ड हातात आलं की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. कमोडची खुर्ची, व्हीलचेअर यांची मागणी तिथे लेखी करा आणि पोच घ्या. दवाखान्याच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रुग्ण टीबीचा असेल तर निक्षय पोषण योजनेतून उपचार संपेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. आणि एकाच खोलीत राहणाऱ्या मुलाची तपासणी व प्रतिबंधक औषधांबद्दल आरोग्य केंद्रात लगेच विचारा.

मुलाच्या नावाने दोन योजना पाहाव्यात. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, जिच्यात दरमहा २,२५० रुपये आहेत. आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, दरमहा ४,००० रुपये. त्यात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० आहे. आईवडील जिवंत असले तरी गंभीर आजाराने किंवा अपंगत्वाने मुलाला सांभाळू शकत नसतील तर अर्ज करता येतो. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. योजना फक्त अनाथांसाठी आहेत असा समज असतो. घराला कोणती बसते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठरवून घ्या. मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, सरकारी डॉक्टरांचं आजाराचं प्रमाणपत्र आणि बँकेचं पासबुक यांच्या तीन-तीन झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. अर्ज बहुतेकदा अडतो तो आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून. ते आधी तपासा.

बालकल्याण समितीचं नाव काढलं की घरचे घाबरतात. त्यांना स्पष्ट सांगा की कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे आणि या योजना मुलाला घरातच ठेवण्यासाठी आहेत.

भिंतीवरचा कागद

अडचणीच्या वेळी मुलाला आठवत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून खाटेशेजारी चिकटवा. वर रुग्णाचं नाव, आजार, चालू औषधं, घराचा पूर्ण पत्ता आणि ओळखीची खूण. त्याखाली रुग्णवाहिकेचा १०८, मग शेजारच्या दोन मोठ्यांचे नंबर. पुढे त्या घरातल्या आजाराप्रमाणे दोन-तीन सूचना. फीट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. मधुमेहाचं औषध घेणारा माणूस घामाघूम होऊन थरथरला आणि शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा. गिळताना ठसका लागणाऱ्याला हे पाणी पाजू नका, त्याच्यासाठी वेगळी सूचना डॉक्टरांकडून लिहून घ्या. बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही घालू नका, १०८ लावा. लघवीची पिशवी नेहमी कंबरेच्या खाली, दोन तृतीयांश भरली की रिकामी. हे सगळं मुलासोबत एकदा खोटं खोटं करून बघा, फोन लावून पत्ता सांगण्यापर्यंत.

मुलाच्या मनातलं

आजाराबद्दल खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं. लपवलं की मूल स्वतःलाच दोष देतं. ‘मी त्या दिवशी भांडलो म्हणून पप्पांना झटका आला’ असं ते मनात धरून बसतं. आईला स्किझोफ्रेनिया असेल तर हे अधिक होतं, कारण ती बोलते ते मुलाला खरं वाटतं. ‘हे आजारामुळे बोलते, तुझ्यामुळे नाही, आणि औषध देणं हे तुझं काम नाही’ असं डॉक्टरांच्या तोंडून मुलाला ऐकवा. मूल जेवत नसेल, मरणाची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. घरात मारहाण होत असेल किंवा मूल एकटंच पडलं असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास. तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं. नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या.

यादी दर महिन्याला पुन्हा काढा, कारण आजार बदलतो आणि कामं गुपचूप मुलाकडे परततात. माणूस गेला तरी तो शिक्षक आणि त्या काकू निदान सहा महिने येत राहू द्या. दहा वाजता कूस, एक वाजता गोळी यांनी बांधलेला दिवस एकदम मोकळा होतो, आणि वर्षभर सांभाळलेलं मूल त्याच काळात शाळेतून गळतं.